न चालणाऱ्या खुणा

गेली बावीस वर्षं मी एकच काम करतेय. एका जातीच्या कॉम्प्युटरवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालतं करून द्यायचं. ऐकायला बरं वाटतं, लोकांना वाटतं मी काहीतरी डोक्याचं काम करते. प्रत्यक्षात ही सामान हलवायची हमाली आहे, आणि नव्या घराचा मालक दरवेळी खडूस निघतो. जुन्या घरात फाइलीला काहीही नाव दिलेलं चालायचं. इथे नावात प्रश्नचिन्ह नको, चांदणी नको, गणितातली लहान-मोठ्याची चिन्हं नकोत, उभी रेघ नको, आणि शेवटी पूर्णविराम तर अजिबात नको. का नको म्हणून विचारायची सोय नाही.

यासाठी मी सात वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला. ऑफिसात त्याला सगळे झाडू म्हणतात. झाडू फाइलींची यादी क्रमाने घेतो आणि न चालणारी प्रत्येक खूण काढून तिथे खालची रेघ टाकतो. असं केल्यावर दोन फाइलींची नावं सारखीच झाली, तर नंतर आलेली ठेवतो, आधीची जाते. आणि एवढं आटोपलं की जुन्या मशिनवरचं सगळं पुसून टाकतो, कारण आमच्या गिऱ्हाइकांची जुनी मशिनं नेहमी गळ्यापर्यंत भरलेली असतात. नावं सारखी निघालेल्या दोन फाइलींतली एक कचरा असते, हे मी ऑफिसपुरतं शपथेवर सांगेन. 'अहवाल' पुढे चांदणी आणि 'अहवाल' पुढे प्रश्नचिन्ह असली नावं माणूस कामाला कंटाळल्यावरच देतो.

माझा दादा चष्मेवाला आहे. घराच्या खाली दुकान, दुकानाच्या मागे डोळे तपासायची अंधारी खोली. चार वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज नाही वाचणार, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशनला नऊ दिवस होते. ज्या माणसाचा सगळा धंदा 'आता कसं दिसतंय' विचारण्यावर चालतो, त्याने पुढे काय करायचं? तेव्हा मी नऊ दिवसांची रजा टाकली आणि एक साधा प्रोग्रॅम लिहिला. दादाने आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची, प्रत्येक वाक्याची एक फाइल, फाइलीचं नाव म्हणजेच ते वाक्य. पडद्यावर त्या नावाचं बटण दिसतं. बटण दाबलं की दादा बोलतो.

त्याने अंधाऱ्या खोलीत बसून सहाशे चाळीस वाक्यं बोलून ठेवली. नावंही त्यानेच दिली. "नावात कुठलीही खूण चालेल ना गं, शेपूट?" त्याने विचारलं होतं. लहानपणी मी त्याच्या मागे मागे फिरायचे म्हणून मी शेपूट. "तिरकी रेघ सोडून काहीही टाक," मी म्हटलं. त्या कॉम्प्युटरवर ते खरंच होतं.

नंतर बटणांवर वाक्यापुढे कुठे चांदणी, कुठे लहानाचं चिन्ह दिसायचं. मी कधी विचारलं नाही. बावीस वर्षं लोकांच्या फाइलींत असला पसारा बघून माझी नजर मेलीय.

तर आता त्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. पोट सुटल्यासारखा मधून वर आला होता. दादाला नवा टॅब घेतला, तो अर्थातच दुसऱ्या जातीचा, कारण दुकानात मिळतो तोच घ्यायचा असतो. त्या आठवड्यात ऑफिसात आमचं अकरा लाख फाइलींचं काम चालू होतं. मी पाच दिवस झाडूच मारत होते. शनिवारी दुपारी दादाकडे गेले तेव्हा उभ्या उभ्या झोप येत होती.

वहिनीने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "आज राहू दे गं. तोंड बघ आरशात. पुढच्या शनिवारी कर."

"पुढच्या शनिवारीही हेच तोंड असणार आहे," मी म्हटलं. "आण तो लॅपटॉप."

तिने आणला. मी झाडू लावला. वास्तविक सहाशे चाळीस फाइलींना झाडू कशाला लागतो? पण हात सवयीने तिकडेच जातो. पाच मिनिटांत पडद्यावर आलं: ६४० फाइली पूर्ण, चुका शून्य. मला बरं वाटलं. आठवड्यातली पहिली गोष्ट धड झाली होती. बटणांवर त्या खालच्या रेघा दिसू नयेत म्हणून प्रोग्रॅमात दोन ओळी लिहिल्या. खाली दुकानात जाऊन दादाने बटणं दाबून बघितली. 'बसा, हनुवटी इथे टेकवा.' 'पहिलं बरं की दुसरं.' 'खालची ओळ वाचा.' सगळं चोख वाजलं. दादाने अंगठा वर केला, माझ्या डोक्यावर टपली मारली. मी फुगलेला लॅपटॉप पिशवीत घालून घरी आले आणि कपडे न बदलता झोपले.

रविवारी सकाळी नऊला वहिनीचा फोन. "तू काय केलंयस काल?"

"का, काय झालं?"

"हे ओरडतायत माझ्यावर. सकाळपासून."

मला वाटलं आवाज मोठा राहिला असेल. चप्पल घालून गेले. दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता, टॅब समोर, चेहरा कावराबावरा. त्याने मला बघून 'ऐक गं' हे बटण दाबलं आणि घर दणाणलं. जिन्याखालून वरच्या मजल्यावर हाक मारावी तसा तो आवाज होता. माझा दादा कधी असं ओरडलेला मला आठवत नाही, पण आवाज त्याचाच.

मी आवाज बारीक केला. पुन्हा दाबलं. आवाज बारीक केल्यावर ओरडणारा दादा नुसता लांब गेला. शेजारच्या घरात कुणीतरी बायकोवर तोंड टाकतंय असं ऐकू यायला लागलं.

"असं नव्हतं हे," वहिनी म्हणाली. "ऐक गं तीन होते."

"तीन म्हणजे?"

दादाने वही ओढली. एकाखाली एक चार खुणा काढल्या आणि त्यांच्यापुढे लिहिलं. लहानाचं चिन्ह म्हणजे हळू. मोठ्याचं चिन्ह म्हणजे मोठ्याने, ती वर गच्चीत असली तर. प्रश्नचिन्ह म्हणजे विचारताना, जिथे प्रश्न असेल तिथेच. चांदणीपुढे त्याने काहीच लिहिलं नाही. वहिनीकडे बघून नुसतं हसला, आणि वहिनीच म्हणाली, "लाडाने."

उरलेलं मला कुणी सांगायची गरज नव्हती, बावीस वर्षांत एवढं तरी शिकलेय. दुकानातल्या वाक्यांना खुणा नव्हत्या, गिऱ्हाइकाशी एकाच सुरात बोलायचं असतं. घरातलं प्रत्येक वाक्य त्याने तीन तीन, चार चार सुरांत बोलून ठेवलं होतं, आणि सूर लक्षात राहावा म्हणून नावापुढे खूण. त्या चारही खुणा टॅबला चालत नाहीत. झाडूने चारही जागी खालची रेघ टाकली, चारही नावं एक झाली, आणि शेवटी आलेलं तेवढं राहिलं. कॉम्प्युटरच्या यादीत या खुणांचा क्रम ठरलेला असतो. आधी चांदणी, मग लहानाचं चिन्ह, मग मोठ्याचं, सगळ्यात शेवटी प्रश्नचिन्ह. म्हणजे जिथे प्रश्न होता तिथे प्रश्न उरला, जिथे नव्हता तिथे ओरडणं उरलं. लाडाचं सगळं गेलं, हळू बोललेलं सगळं गेलं. एकही चुकून राहिलं नाही.

मी तिथेच बसून मोजलं. टॅबवर चारशे बत्तीस. गेली दोनशे आठ. शनिवारी मी झाडूने किती फाइली घेतल्या ते बघितलं होतं, पलीकडे किती पोचल्या ते नाही. नवीन पोरांना मी याच गोष्टीवरून झापते.

"जुन्यावरून परत घे की," वहिनी म्हणाली.

"जुन्यावरचं पुसलंय."

"कोणी?"

"मीच."

सोमवारी ऑफिसला न जाता तो लॅपटॉप घेऊन, पुसला गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडे गेले. एवढीशी टपरी, पंखा डोक्याला लागेल असा. त्याने बॅटरी उपसून बाजूला ठेवली, डिस्क काढली, आपल्या मशिनला लावली आणि वीस मिनिटं पडद्यावर शोधत राहिला. मग म्हणाला, "बाई, ही नवीन पद्धतीची डिस्क. जुन्यांत पुसलं तरी मागे राहायचं काहीतरी. हिच्यात पुसलं म्हणजे खरंच पुसलं. दुसरी कॉपी नाही का ठेवली?"

होती ना. चार वर्षांपूर्वी मी स्वतः एका पेनड्राइव्हवर कॉपी काढून कपाटात ठेवली होती, चिकटपट्टीवर 'दादा' लिहून. निघताना तो पिशवीत टाकलाच होता, तिथल्या तिथे लावून बघितला. तीनशे अठ्ठेचाळीस फाइली. सगळी दुकानातली वाक्यं. पेनड्राइव्हलाही तेच नियम लागतात, त्यालाही या खुणा चालत नाहीत. कॉपी करताना कॉम्प्युटरने विचारलं असणार, काही फाइली घेता येत नाहीत, काय करू? आणि मी 'सोडून द्या' दाबलं असणार. मला आठवत नाही. पण मी नेहमी तेच दाबते.

"घरातल्या कुणाचं आहे का?" त्या माणसाने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने डिस्क परत स्क्रू लावून बसवली. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्याने सगळे स्क्रू लावले.

संध्याकाळी दादाकडे गेले. जिना चढताना दहा वाक्यं मनात जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. सरळ सांगितलं. परत मिळणार नाही, पेनड्राइव्हवरही नाही, चूक माझी, दमले होते म्हणून झाली, पण दमलेलं माणूस दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावत नाही, मी लावला.

वहिनी भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"त्या खोलीत हे बोलायला बसले ना," ती म्हणाली, "तेव्हा ह्यांना माइकसमोर लाज वाटत होती. लाडाचं बोलायला. तुला माहितीये कसे आहेत. मी म्हटलं, माइककडे नका बघू, माझ्याकडे बघा. मी समोर बसले. किती होती ती?"

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "तू मला एकदा विचारायचं होतंस गं. एकदा. मी म्हटलं होतं आज राहू दे."

ती रडली असती तर मला सोसलं असतं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली, आणि मला माझाच इतका राग आला की कान तापले. मी हुंदका दिला, अगदी लहान पोरीसारखा, पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही असा. दादा उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने टॅबवर काहीतरी शोधलं. मला कळलं तो काय दाबणार. मी म्हणणार होते, नको. त्याने दाबलं.

'जाऊ दे गं.'

भिंतीवरच्या घड्याळाची काच थरथरली असेल. खांद्यावरचा त्याचा हात इतका हलका होता, आणि आवाज असा की कुणाला घराबाहेर काढतोय. दादाने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. मग त्याने टॅब बंद केला आणि पडद्यावर हात ठेवून बसला.

त्यानंतर काही दिवस तो घरात दुकानातली वाक्यं वापरायचा. प्रश्न सोडले तर तेवढीच साध्या आवाजातली उरली होती. सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आली की 'या, बसा.' ताट वाढलं की 'आता कसं दिसतंय.' ती बाहेर निघाली की 'पुढच्या बुधवारी येऊन घेऊन जा.' पहिले दोन दिवस वहिनी हसली, मला फोन करून सांगितलंसुद्धा, अगं, मला गिऱ्हाईक केलंय ह्यांनी. तिसऱ्या दिवशी हसली नाही. मग त्याने तेही सोडलं.

मी आपल्या परीने खटपट केली. उरलेल्या मोठ्या आवाजातून हळू आवाज काढता येतो का बघितलं. येतो, हल्ली काय वाटेल ते करता येतं. तीन आठवडे ऑफिसातून आले की तेच करत बसायचे. 'झोप आता' एवढं एक वाक्य मऊ करून नेलं. दादाने दाबलं. वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं जमलं.

"हे कोण?" ती म्हणाली.

मी ते पुसून टाकलं. या खेपेला विचारून पुसलं.

महिना गेला, दुसरा निम्मा गेला. दुकानात दादा पूर्वीसारखाच बोलायचा. खाली गिऱ्हाइकांशी चालू आहे, पहिलं बरं की दुसरं, हसतायत लोक. जिना चढून वर आला की टॅब कपाटावर ठेवून द्यायचा, पडदा खाली करून. वहिनीला बोलवायचं असलं की बोटांनी टेबल वाजवायचा. जेवताना हाताने सांगायचा, थोडं, पुरे, उद्या. वहीतही फारसं लिहायचा नाही. ऑपरेशननंतर ज्या घरात चार वर्षं बोलणं बंद पडलं नव्हतं, तिथे ते मी पाच मिनिटांत बंद पाडलं होतं. शनिवारी तिथे बसणं मला नको वाटायचं, आणि न जाणं तर त्याहून नको वाटायचं. जायचे, बसायचे, चमच्यांचे आवाज ऐकायचे.

काल पुन्हा गेले. लॅपटॉपमध्ये मऊ केलेला आणखी एक आवाज होता, आधीच्यापेक्षा बरा, निदान मला तसं वाटत होतं. दाखवायचा धीर होत नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दादा टेबलाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. त्याला काहीतरी हवं होतं. त्याने टेबल वाजवलं. नळ चालू होता, तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा वाजवलं. नळ बंद झाला.

वहिनी बाहेर आली. कोपरापर्यंत हात साबणाने भरलेले. ती टेबलाकडे आलीच नाही, सरळ कपाटाकडे गेली. हात कपड्याला पुसले, टॅब खाली काढला, चालू केला आणि दादाच्या पुढ्यात, त्या काडीवर, आपटला म्हणावं असा ठेवला.

"दीड महिना झाला," ती म्हणाली. "टेबल वाजवताय. मी काय मांजर आहे?"

दादाने मान हलवली. टॅबकडे बोट केलं, आपल्या कानाकडे केलं, तोंड वाईट केलं. मला कळलं, तिलाही कळलं. हे असलं ऐकवू तुला?

"मला माहितीये ते कसं येतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "सगळ्या गल्लीला ऐकू जाईल, जाऊ दे. मला चालतं. ओरडा हवं तर. पण बोला माझ्याशी."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी बाजूला बघितलं. मग त्याने बोट खाली आणलं.

'इकडे ये.'

सगळी खोली भरली त्या आवाजाने. खाली रस्त्यावरून कुणीतरी वर बघितलं असणार. वहिनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"आले," ती म्हणाली. "बोला."

'पाणी दे.' तिने दिलं. 'ती कुठेय?' कोण ते तिला बरोबर कळलं, दाराशी येणारी दूधवाली गावाला गेलीय म्हणाली. 'भाजी काय आणलीस?' तिने सांगितलं. 'मला आवडत नाही.' "माहितीये, म्हणूनच आणली," ती म्हणाली, आणि दादाचे खांदे हलायला लागले. तो हसला की हल्ली तेवढंच दिसतं.

मी लॅपटॉप उघडलाच नाही. तासभर माझा दादा बायकोवर ओरडत होता आणि ती त्याला साध्या आवाजात उत्तरं देत होती. मधे एकदा शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी दारात जाऊन सांगितलं, ठीक आहे, बोलतायत.